श्वेतसुरा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणामध्यें, सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्यासंबंधीं एक स्वतंत्र अध्याय आहे. मद्य कोठें व्हावें, कोणीं विकावें, पानगृहांत बसण्याउठण्याची सोय कशी असावी, धुंद होऊन पडलेल्या गिऱ्हाइकाचा ऐवज नाहींसा झाल्यास भरपाई कोणीं करावी, इतक्या बारीक गोष्टींचा त्यांत विचार केलेला आहे. एकंदर व्यवस्था कडक, आणि राजाच्या तिजोरीवर नजर ठेवून केलेली. परंतु या कडक व्यवस्थेंतच एक खिडकी उघडी ठेवलेली आढळते. कुटुंबवत्सल गृहस्थांनीं घरच्या कार्यासाठीं श्वेतसुरा करावी, औषधासाठीं अरिष्ट करावें, त्यांस प्रतिबंध नसावा, असें तेथें सांगितलें आहे; आणि उत्सव, समाज व यात्रा यांच्या प्रसंगीं चार दिवस मद्य करण्याची मोकळीक द्यावी असेंहि म्हटलें आहे. राजाचा मक्ता खरा, पण घराच्या उंबऱ्याशीं आल्यावर तो थोडा वांकतो.

‘श्वेतसुरा’ म्हणजे पांढरी सुरा. बेल्जम देशांत, त्याच्या फ्लेमिश बोलणाऱ्या भागांत, गव्हाची एक गढूळ, फिकट रंगाची बिअर करतात. तिला ‘विटबिअर’ म्हणतात, आणि ‘विट’ याचा अर्थहि पांढरा असाच आहे. इतकेंच नव्हे, तर संस्कृत ‘श्वेत’ व डच ‘विट’ हे दोन्ही शब्द एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. असें साम्य दिसलें कीं जगांतील सर्व वस्तूंचा उगम आर्यावर्तांत शोधावयास निघणारी एक विद्वान् मंडळी आपल्याकडे आहे. त्यांच्या पंगतीला बसण्याची आमची इच्छा नाहीं. कौटिल्याचें ‘मेदक’ नांवाचें मद्य तांदुळाचें, पाण्याचें व किण्वाचें. फ्लेमिश लोकांची बिअर गव्हाची व जवाची. पेय एक नव्हे. पण प्रश्न मात्र एकच आहे: घरांत होणाऱ्या पेयावर हक्क घराचा कीं सरकारचा? या एका प्रश्नाच्या उत्तरावर देशोदेशींच्या चवी जगल्या आहेत आणि मेल्या आहेत.

मद्याची भलावण करण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवलेलें बरें. मद्यानें धुळीस मिळविलेलीं घरें आमच्या पिशोरांतहि आम्ही पाहिलीं आहेत. पण ज्या वस्तूनें माणसाच्या घरांत, देवळांत, दरबारांत व न्यायालयांत इतकी जागा अडविली, तिच्या इतिहासाकडे नाक मुरडून पाहिल्यानें तो इतिहास बदलत नाहीं.

या विषयाकडे आमचें लक्ष वळलें तें एका बाटलीमुळें. आमचे एक आप्त अमेरिकेच्या ईशान्य टोंकास, मेन नांवाच्या संस्थानांत राहतात. गेल्या फाल्गुनांत ते घरीं आले तेव्हां त्यांनीं तिकडची ‘अलागॅश व्हाइट’ नांवाची बिअर बरोबर आणली. (महाराष्ट्रांत मद्य बाळगण्यास व पिण्यास कायद्यानें परवाना लागतो. तो आम्हीं काढला होता. आमच्या ओळखीच्या पिणाऱ्यांपैकीं किती जणांजवळ तो असतो, हें विचारण्याचा प्रसंग न येईल तर उत्तम.) बाटली उघडण्यापूर्वीं ती हळूच गोल फिरवावी, म्हणजे तळाशीं बसलेलें किण्व वर मिसळतें, अशी त्यांची सूचना होती. पेल्यांत ओतल्यावर रंग दिसला तो पातळ ताकांत केशराची एखादी काडी पडावी तसा. वर पांढराशुभ्र, दाट फेंस. पेला खालीं ठेवला होता तेवढ्यांत शेजारीं ज्वारी निवडीत बसलेल्या आमच्या आत्याबाईंनीं तो कुतूहलानें उचलून नाकाशीं नेला. जन्मांत ज्यांनीं मद्याला शिवलें नाहीं त्या आत्याबाई चट्‌दिशीं म्हणाल्या, “अरे, यांत धणे आहेत कीं रे!”

आणि खरोखरच त्यांत धणे होते. आमच्या आप्तांनीं बाटलीवरचा मजकूर वाचून दाखविला: गहूं, ओट, धणे, आणि कुरासाव बेटावरच्या संत्र्याची साल. पहिल्या घोटाला जिभेवर येतो तो गव्हाचा मऊपणा. पिठाची धुवण जशी जिभेला किंचित् चिकटून जाते तसा. मागून संत्र्याच्या सालीचा सुगंध, मग धण्यांची थंड, थोडी लिंबासारखी चव, आणि अगदीं शेवटीं किण्वाचा एक लवंगेजवळ जाणारा तिखटपणा. कडूपणा जवळजवळ नाहींच. जोर शेंकडा पांचच्या आसपास, म्हणजे आपल्या बाजारांत जी ‘स्ट्राँग’ बिअर मिळते तिच्यापेक्षां पुष्कळ कमी. उन्हाळ्यांत धणे रात्रभर भिजवून तें पाणी सकाळीं देण्याची रीत ज्या घरांत आहे, त्या घराला ही चव परकी वाटण्याचें कारण नाहीं. आम्हांला तरी ती वाटली नाहीं. अटलांटिकापलीकडच्या एका गांवाची बिअर, तिचें कुळ बेल्जमचें, आणि ओळख पटली ती आमच्या स्वयंपाकघरांतल्या मसाल्याच्या डब्यामुळें!

बिअरमध्यें धणे घालणें ही नवी टूम नव्हे. हॉप्स नांवाच्या कडू फुलांचा प्रसार होण्यापूर्वीं युरोपभर बिअरला वनस्पतींचा व मसाल्यांचाच वास देत असत. पुढें हॉप्सनीं ती जागा घेतली. १५१६ सालीं बव्हेरियाच्या ड्यूकांनीं हुकूम काढून बिअरमध्यें जव, हॉप्स व पाणी यांवांचून दुसरें कांहीं घालूं नये असें ठरविलें, आणि कालांतरानें जर्मनीभर तोच कित्ता गिरविला गेला. शुद्धतेच्या नांवाखालीं किती चवी मारल्या गेल्या याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं. फ्लेमिश मुलुख त्या हुकमाच्या बाहेर राहिला. तेथें हूगार्डन नांवाचें एक लहानसें गांव आहे, ब्रूसेल्सच्या पूर्वेस, गव्हाच्या शेतांमध्यें. अठराव्या शतकांत या एवढ्याशा गांवांत बिअरचे तीसांहून अधिक कारखाने होते. डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून मसाले येत, कुरासाव बेटावरून संत्र्याची वाळलेली साल येई, आणि या गांवकऱ्यांनीं त्यांना आपल्या गव्हाच्या बिअरमध्यें जागा दिली.

या सालीची हकीकत मोठी गंमतीची आहे. स्पॅनिश लोकांनीं आपल्या सेव्हिल शहराकडचीं संत्र्याचीं झाडें कुरासाव बेटावर नेऊन लावलीं. बेट उजाड, पाऊस थोडा, माती हलकी. झाडें जगलीं, पण फळ इतकें कडू व सुकें निघालें कीं तें कोणी तोंडांत धरीना. पुढें कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं फळ गेलें तरी सालींत सुगंध आहे, आणि तो सेव्हिलच्या फळापेक्षांहि निराळा आहे. अवर्षणाच्या मुलुखांत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना या हकीकतीविषयीं थोडें ममत्व वाटलें तर वाचकांनीं क्षमा करावी. जमिनीनें दगा दिला तरी कडू सालीचेंहि सोनें करणारे लोक जगांत असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तळाशीं आंबणारी, पिवळी, पारदर्शक ‘लागर’ जातीची बिअर सर्वत्र पसरली. यंत्रांनीं ती स्वस्त केली, बर्फानें ती टिकाऊ केली. दोन महायुद्धांनीं लहान कारखान्यांचीं तांब्याचीं भांडीं नेलीं आणि माणसेंहि नेलीं. हूगार्डनमधील कारखाने एकामागून एक मिटत गेले, आणि १९५७ च्या सुमारास तोमसँ नांवाचा शेवटचा कारखानाहि बंद झाला. पांढरी बिअर तिच्या जन्मगांवींच संपली.

त्या गांवांत पीएर सेलिस नांवाचा एक दूधवाला होता. जन्म १९२५ चा. लहानपणीं तो शेजारच्या तोमसँच्या कारखान्यांत हाताखालीं काम करी, त्यामुळें पाणी केव्हां तापवावें, गहूं किती भिजवावा, धणे कोणत्या क्षणीं टाकावे हें त्यानें पाहिलेलें होतें. संध्याकाळीं गप्पांना जमणारे म्हातारे त्या बिअरची आठवण काढून हळहळत; ती हळहळ ऐकतां ऐकतां त्यानें मनाशीं ठरविलें, आणि १९६५-६६ सालीं घराशेजारच्या गोठ्यांत जुनीं भांडीं आणून पुन्हां पांढरी बिअर करण्यास आरंभ केला. सेलिस रसायनशास्त्री नव्हता, भांडवलदार नव्हता. त्याच्याजवळ होती ती एका चवीची आठवण, आणि त्याच्या सरकारनें त्याला ती आठवण गोठ्यांत उकळूं दिली. आम्हांला या सबंध कथेंत हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बेल्जममध्यें कायदे नव्हते असें नाहीं. १९१९ सालीं व्हांडरव्हेल्ड या समाजवादी मंत्र्यानें केलेल्या कायद्यानें उपाहारगृहांतून कडक मद्य विकण्यास बंदी केली होती. पण त्या बंदीचा रोख जळजळीत मद्यावर होता. बिअर करणाऱ्या लहान माणसाला मोडावें असा नव्हता.

पुढची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण ती सर्वत्र घडते तशीच आहे. धंदा वाढला. १९८५ सालीं कारखान्याला आग लागली. विमा पुरेसा नव्हता. मदतीला आली ती स्टेला आर्टुआ ही बडी कंपनी. मदत करणारा मालक झाला, आणि सेलिस आपल्याच कारखान्यांत पाहुणा झाला. साठी उलटलेल्या या गृहस्थानें मग अमेरिकेची वाट धरली. टेक्सस संस्थानांतील ऑस्टिन येथें १९९२ सालीं त्यानें आपल्या नांवाचा नवा कारखाना घातला व तीच जुनी बिअर ‘सेलिस व्हाइट’ या नांवानें विकूं लागला. तेथेंहि अमेरिकेंतील एका बड्या कंपनीनें भागीदार म्हणून प्रवेश केला, आणि कांहीं वर्षांत कारखाना बंद केला. २०११ सालीं सेलिस वारला. इकडे हूगार्डनचे नवे मालक २००५ सालीं तेथील काम दुसऱ्या शहरीं हलविण्यास निघाले, तेव्हां गांवकऱ्यांनीं मोठा गिल्ला केला. दोन वर्षांनीं मालकांना तो बेत सोडावा लागला. चव गांवाची असते असें नुसतें म्हणून भागत नाहीं. कधीं कधीं तीसाठीं रस्त्यावर यावें लागतें.

अमेरिकेनें ही बिअर इतक्या प्रेमानें कां उचलली, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. त्या देशांत १९२० पासून १९३३ पर्यंत संपूर्ण दारूबंदी होती. ती उठली, पण घरीं बिअर करण्याची मोकळीक मात्र परत आली नाहीं. घरीं द्राक्षमद्य करावें, बिअर करूं नये, अशी चमत्कारिक स्थिति पंचेचाळीस वर्षें राहिली. १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं एका कायद्यावर सही केली, आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक प्रौढ माणसास वर्षाकाठीं १०० गॅलन, व दोन प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन बिअर स्वतःच्या उपयोगासाठीं, करावांचून, करण्याची मुभा मिळाली. विकावयाची मात्र नाहीं. कौटिल्याच्या कुटुंबी गृहस्थास जें मिळालें होतें तें अमेरिकन गृहस्थास इतक्या उशिरां मिळालें!

परिणाम पाहण्यासारखा झाला. त्या वेळीं सगळ्या अमेरिकेंत शंभराहूनहि कमी कारखाने उरले होते व ते एकाच चवीचें पाणी काढीत. घरोघरच्या तळघरांत व मोटारखान्यांत हौशी मंडळी मडकीं मांडून बसली. त्यांच्यांतून लहान कारखानदार निघाले. आज कारखान्यांची संख्या नऊ हजारांच्या वर आहे. कोलोरॅडोमध्यें १९९१ सालीं ‘न्यू बेल्जम’ नांवाचा कारखाना निघाला, तो बेल्जममध्यें सायकलीवर फिरून आलेल्या एका हौशी गृहस्थाच्या तळघरांतून. आमच्या बाटलीचा जनक रॉब टॉड यानें १९९५ सालीं मेनमधील पोर्टलंड गांवीं अलागॅश सुरू केलें, आणि पहिलीच बिअर केली ती पांढरी. लोक आरंभीं पेला उजेडांत धरून ‘ही गढूळ कां?’ असें विचारीत, असें सांगतात. बड्या कंपन्याहि मागें राहिल्या नाहींत. त्याच वर्षीं कूर्स कंपनीनें ‘ब्लू मून’ काढून पेल्याच्या कडेला संत्र्याची फोड लावून दिली. आमच्या मतें ती फोड म्हणजे साडीवर शिवलेल्या खोट्या जरीसारखी आहे. सुगंध आंतून यावयास पाहिजे. पण ज्याची त्याची आवड.

आतां आपल्या घराकडे वळूं.

आमच्या कन्नड तालुक्याच्या उत्तर कडेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे. तिच्यांतील गौताळ्याचें रान १९८६ सालीं अभयारण्य झालें. घाटाखालचा खानदेश १८१८ पासून इंग्रजांचा. घाटावरचें कन्नड व पिशोर १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाचें. राज्यें दोन, पण डोंगरांतला भिल्ल एकच, आणि त्याचें झाडहि एकच, तें म्हणजे मोह. फाल्गुन-चैत्रांत रात्रीं मोह फुलतो व पहांटे मलईच्या रंगाचीं, रसानें भरलेलीं फुलें खालीं गळतात. झाडाखालची जागा झाडून स्वच्छ करावयाची, फुलें वेंचावयाचीं, वाळवावयाचीं. हीं फुलें भाजून खातात, पिठांत मळतात, दुष्काळांत त्यांवर माणसें जगलेलीं आहेत. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखरच असते; म्हणून तीं भिजत घालून, आंबवून, मडक्यांतून त्यांचा अर्क काढतात. त्याची पहिली धार देवाला. लग्न असो, मर्तिक असो, पंचायत असो, धारेवांचून तें पुरें होत नाहीं. कौटिल्याचा ‘घरच्या कार्यासाठीं’ हा शब्द ज्यांना अक्षरशः लागू पडतो असे लोक आज शोधावयाचे तर ते डोंगरांतच सांपडतील.

इंग्रजांच्या मुंबई इलाख्यांत १८७८ सालीं अबकारीचा कायदा झाला. चार्ल्स प्रिचर्ड नांवाच्या तरतरीत अधिकाऱ्यानें त्याची घडी अशी बसविली कीं गांवोगांवच्या लहान भट्ट्या बंद होऊन दारू मोठ्या, सरकारी देखरेखीच्या ठिकाणीं गळावी, व तिच्यावर चढता कर बसावा. ठाणें जिल्ह्यांतल्या रानांत मोहाचीं झाडें गच्च भरलेलीं असतांना उरणच्या भट्ट्यांसाठीं फुलें यावयाचीं तीं दूर पंचमहालांतून! आणि घरच्या झाडाखालचीं फुलें? त्यांसाठीं १८९२ चा मोहाचा कायदा आला, आणि ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत फुलें सांठविण्यावर व त्यांच्या व्यवहारावर बंधनें पडलीं. मद्यावर कर बसविलेलीं राज्यें पुष्कळ आहेत. पण फूल गुन्हेगार ठरविण्याची कल्पना सामान्य नव्हे. वारली, काथोडी, ठाकूर यांच्या तोंडचा घांस त्या कायद्यानें संशयास्पद केला. गोऱ्या शिपायांच्या छावणींत येणाऱ्या विलायती बिअरच्या पिंपांना मात्र असला कांहीं संशय चिकटला नाहीं.

आमच्या बाजूला निजामाचें राज्य. तेथें फुलावर नव्हे तर दुकानावर भर होता. अबकारी हें हैदराबाद सरकारच्या उत्पन्नाचें एक मोठें कलम होतें व दारूचे गुत्ते लिलावानें दिले जात. मराठवाड्यांत रस्ता बांधणाऱ्या किंवा शाळेची भिंत उभी करणाऱ्या कंत्राटदारालाहि आजपर्यंत ‘गुत्तेदार’ म्हणतात, आणि दारू पिण्याच्या जागेला ‘गुत्ता’. एका शब्दांत शंभर वर्षांचा राज्यकारभार बसलेला आहे. गुत्तेदाराला खप हवा, सरकारला रक्कम हवी. पिणारा किती पितो व काय पितो याची फिकीर दोघांपैकीं कोणालाच नव्हती. घरांत सणावारीं होणारें पेय तेव्हां रोजचें झालें, आणि करणारीच्या हातून निघून विकणाऱ्याच्या हातीं गेलें. चवीचा मृत्यु असाच होतो.

स्वराज्यांत दारूबंदी आली ती निराळ्या, उदात्त हेतूनें. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा त्याच वर्षीं जूनमध्यें अमलांत आला. एका पारशी गृहस्थांनीं, म्हणजे बलसारा यांनीं, व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांपासून लव्हेंडरच्या पाण्यापर्यंत सर्व बाळगण्याचा आपला हक्क न्यायालयांत मांडला, आणि १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें औषधी व सुगंधी द्रव्यांपुरता तो मान्य करून मद्यांच्या बाबतींत कायदा उचलून धरला. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९५९ सालीं हा कायदा आमच्या दारीं येऊन पोंचला. पुढें बंधनें सैल होत गेलीं. परवाने आले, देशी दारूचीं दुकानें आलीं, कारखाने आले. कायद्याचें नांव मात्र दारूबंदीचेंच राहिलें, व अजून तेंच आहे.

कायद्याच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. घरांत होणारें सर्वच पेय श्वेतसुरा नसतें. २०१५ च्या जूनमध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं; तींत मिथेनॉल होतें, आणि मरणारे बहुतेक मजूर होते. महाराष्ट्रांत गांवच्या बायका मतदान करून दारूचें दुकान बंद पाडूं शकतात. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशीं चित्रें असतात, आणि आडव्या बाटलीवर अर्ध्याहून अधिक मतें पडलीं कीं दुकान उठतें. जिच्या घरांतलें धान्य रोज संध्याकाळीं बाटलींत जातें तिला चवीच्या इतिहासावरचे निबंध ऐकविण्याचा अधिकार आम्हांला नाहीं, आणि आडव्या बाटलीला मत देणारी स्त्री आमच्या मतें योग्यच करते. पण ती ज्या दुकानाला आडवें करते तें गुत्तेदाराचें दुकान असतें. चैत्रांतल्या पहांटे मोह वेंचणारी म्हातारी तिची शत्रु नव्हे. आपल्या कायद्याला या दोघींतला फरक कधींच नीट ओळखतां आला नाहीं.

या अवधींत विलायती बिअरनें आमच्या जिल्ह्यांत चांगलेंच बस्तान बसविलें. पूर्वींचें औरंगाबाद, हल्लींचें छत्रपति संभाजीनगर, येथील औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. जायकवाडीच्या धरणाचें पाणी तेथें नळानें येतें. २०१६ सालीं जगांतल्या दोन बलाढ्य बिअर-कंपन्या एक झाल्या, तेव्हां येथील एका कारखान्याची मालकीहि त्या एकत्रित कंपनीकडे गेली. आणि हूगार्डन गांवची पांढरी बिअर ज्या कंपनीची आहे तीच ही कंपनी! सेलिसच्या गोठ्याचें व मराठवाड्याचें नातें असें, कोणाच्या ध्यानींमनीं नसतांना, जुळलें.

तेंच साल मराठवाड्याच्या दुष्काळाचें. एप्रिलमध्यें लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी नेण्याची वेळ आली होती. एक लिटर बिअर करावयास कित्येक लिटर पाणी लागतें. उत्तम कारखान्यांत तीन-चार, साधारण कारखान्यांत त्याहून जास्त. त्याच महिन्यांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्याच्या कारखान्यांचें पाणी प्रथम निम्म्यानें व पुढें शेंकडा साठपर्यंत तोडण्याचा हुकूम दिला. इतर कारखान्यांना कपात याहून बरीच कमी होती. माणसें टँकरची वाट पाहत असतांना हा निर्णय योग्य होता, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. आम्हांला यांत जाणवतें तें एवढेंच, कीं कोरडवाहू जमिनींत, कोणी पाणी न घालतां, उन्हाळ्याच्या तोंडाशीं फुलणारें झाड ज्या जिल्ह्याच्या डोंगरांत आहे, त्या जिल्ह्यांत आम्हीं मद्य करावयाचें ठरविलें तें धरणाच्या पाण्याचें.

पांढरी बिअर आतां मराठी मुलुखाला अपरिचित राहिलेली नाहीं. पुण्यास २००९ सालीं डूलाली नांवाचा लहान कारखाना निघाला, तेथें बेल्जन पद्धतीची पांढरी बिअर ताजी मिळूं लागली. २०१५ मध्यें ‘बिरा’ नांवाची बिअर आली ती प्रथम खुद्द बेल्जमहून तयार होऊन. मग तिचें काम होळकरांच्या इंदुरास आलें. तिच्यांतहि धणे व संत्र्याची साल. शहरांतली तरुण मंडळी ती आवडीनें घेतात आणि कांहीं परदेशी वस्तु चाखल्याचें समाधान मानतात. गोंव्याच्या काजूच्या फेणीला २००९ सालीं भौगोलिक निर्देशाचा मान मिळाला व २०१६ सालीं तेथील सरकारनें तिला वारशाचें पेय म्हणून मान्यता दिली. मध्यप्रदेशानेंहि २०२२ च्या सुमारास आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारशाचें मद्य म्हणून रीतसर विक्रीची वाट करून दिली. ठाण्याच्या रानांतल्या मोहाला त्याचा सेलिस अजून भेटलेला नाहीं. भेटला तरी त्याच्या गोठ्यांत प्रथम अबकारीचा शिपाई जाईल.

आमच्या पिशोरच्या बाजारांत गहूं मिळतो. जव कन्नडला मिळतो, आणि त्याला मोड आणून वाळविण्याचें काम नाचणीचें सत्त्व करणाऱ्या कोणत्याहि घराला सांगावें लागत नाहीं. धणे प्रत्येक किराण्याच्या दुकानांत आहेत. संत्र्याची साल वाळवून ठेवणाऱ्या गृहिणी आहेत. पाव करण्याचें किण्व पुडींत मिळतें. यांतील एकहि वस्तु घेतांना कोणी हटकीत नाहीं. या सर्व एका भांड्यांत घालून, वर फडकें बांधून, कौटिल्यानें यात्रेला दिले होते तेवढे चार दिवस ठेवल्या, म्हणजे १९४९ च्या कायद्याचें ६५ वें कलम लागू होतें.